बसायला जागा

ऋजुता, यादी मागितलीस.
लग्नानंतर पहिल्यांदा येताय दोघं चंद्रपूरहून,
फोर्टात कुठे कुठे जावं म्हणून.
लिहिते. पण माझी यादी जुनी आहे,
आणि ती इमारतींची नाही,
बसायच्या जागांची आहे.

एशियाटिकच्या पायऱ्या तीस आहेत म्हणतात,
आम्ही अकरावीच्या वर कधी गेलो नाही.
वर वाचणारे जायचे.
आम्हाला वाचायचं काही नव्हतं.
दगड सूर्य गेल्यावरही ऊन धरून असतो,
डिसेंबरात जा.

समोरची बाग गोल आहे, म्हणून
रुसून निघालेलं माणूस
चालत चालत पुन्हा समोरच येतं.
तुझे काका असे दोनदा आले.
तिसऱ्या फेरीला मीच उलटी निघाले.

राजाबाई टॉवर ओव्हलच्या कडेने बघा,
घड्याळाकडे मात्र बघू नका.
आमची सहा वर्षं त्या काट्यांखाली गेली.
साडेसातला मला गिरगावात उंबऱ्याच्या आत लागायचं
आणि त्यांच्या खोलीत नऊ माणसं.

फ्लोरा फाउंटन तेव्हा बहुतेक कोरडंच असे.
काका म्हणायचे, पाणी सुरू झालं की विचारतो.
काय विचारणार ते मला ठाऊक होतं,
म्युनिसिपालटीला नव्हतं.
एका रविवारी सुरू झालं. मी एकटीच होते,
ते आईला घेऊन केईएमला.
अर्धा तास उभी राहिले, पदर भिजला.
सोमवारी सांगितलं नाही.

मग त्याच गुरुवारी, बॅलार्ड इस्टेटला,
कस्टम हाउसमागच्या टपरीवर,
पोऱ्याने ग्लास विसळून पाणी फेकलं
ते थेट यांच्या बुटांवर.
खाली बघत म्हणाले,
"हे चालेल का?"

ती टपरी आता नाही. तिथे काय आहे
मलाही माहीत नाही. फोटो काढू नका,
नुसतं दोन मिनिटं उभं राहा.

फाउंटन हल्ली चालू असतं म्हणे.
माझे गुडघे पायऱ्यांना तयार नाहीत,
नाहीतर आले असते दाखवायला.
अकराव्या पायरीवर बसलात
तर जरा डावीकडे सरकून बसा.
उजवीकडे
ते बसायचे.