डाव्या कोपऱ्यातला ठिपका

लेअरच्या बंदरापासून दोन गल्ल्या आत
हार्म्सबाईंची खोली.
दारावर पितळी पाटी, आत लव्हेंडरचा वास,
आणि भिंतीवर एवढा थोरला पडदा
की बोटातला एक थेंब त्यावर
भरतीच्या पाण्यासारखा हलतो.

मी भिंगं पुसणारा.
वर्षातून दोनदा ओल्डेनबुर्गहून येतो,
पेटीत मऊ कातडं, स्पिरिट, उंटाच्या केसांचा कुंचला.
रक्तातलं मला काही कळत नाही.
काचेतलं कळतं.

आज जरा लवकर पोचलो
तर खुर्चीत ओनो.
चाळीस वर्षं समुद्राच्या बांधावर मेंढ्या राखलेले हात
मांडीवर उताणे,
बोटाला कापूस.
काळ्याभोर पडद्यावर त्यांच्या पेशी,
चांदीच्या नाण्यांची चळत रचावी तशा चिकटलेल्या.
"हा यकृताचा शीण," बाई म्हणाल्या,
"आणि हा," काठी खाली, डाव्या कोपऱ्यात,
"मी म्हटलं नव्हतं? अजून मुक्काम ठोकून आहे."
ओनो बघत राहिले.
आपल्याच बिछान्यात परका माणूस झोपलेला दिसावा
तसे.

तीन बाटल्या, नव्वद युरो.
जाताना त्यांनी टोपी काढून पडद्यालाही नमस्कार केला.

मग मी कोरी काच सरकवली,
रक्ताची शपथसुद्धा न लागलेली.
डाव्या कोपऱ्यात, खाली,
तोच.
तेलकट धुळीचा एक कण, जुना,
भिंगाच्या कडेला घट्ट धरून बसलेला.

भिंतीवरच्या फळ्यावर फोटो टाचलेत:
फेन्ना, हाब्बो, टपालवाली गेझीना,
बेकरीतली दोघं जुळी.
सगळ्यांच्या रक्तात एकच भाडेकरू.

बाई चहा घेऊन आल्या.
गरम चहात खडीसाखर तडकली, वर सायीचा ढग.
इथे चहा ढवळत नाहीत,
ढगाला आपणहून उतरू देतात.
"हल्ली फार जणांत दिसतो तो," त्या म्हणाल्या,
"मला रात्र रात्र झोप नाही."
खोटं बोलणाऱ्याचे डोळे मी पाहिलेत.
हे तसले नव्हते.
अर्धा अर्धा तास त्या एकेकाच्या थेंबापाशी बसतात,
एवढं कोण बसतं हल्ली कुणापाशी?

शब्द ओठापर्यंत आला
आणि चहाबरोबर गिळला गेला.
"काच साफ केलीय," एवढंच म्हणालो.
म्हणजे मंगळवारी
चौदा माणसं एकदम बरी होणार.
पेढे वाटतील का इथे? नाही. केक वाटतील.

बसथांब्यावर ओनो, पिशवी मांडीवर.
"बांध चढताना दम लागायचा," म्हणाले,
"हल्ली सपाटीवरही लागतो."
मी त्यांचे ओठ पाहिले, पापणीची आतली कड,
नखं.
सायीसारखी.
त्याला भिंग लागत नाही.

"तो कोपऱ्यातला," मी म्हणालो, "तुमचा नव्हता.
माझा होता. मी पुसला."
त्यांना कळलं नाही. बहुधा मलाही नीट सांगता आलं नाही.
दवाखान्याची बस पलीकडच्या बाजूला लागते.
एका हातात माझी पेटी, दुसऱ्यात त्यांच्या बाटल्या,
मधे त्यांचा श्वास पुरेपर्यंत दोनदा थांबत
आम्ही रस्ता ओलांडला.