मीठ

तार्तूच्या वनस्पती-संग्रहालयात, तळघरात,
बॉयलरशेजारी सर्व्हर आहे, आणि मी.
माझ्या ताब्यात एक फाइल, माणशी एक ओळ:
नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं,
मग अक्षरांचं गचपण.

शब्द माझ्याकडे कुणाचाच नाही.
तो चिमूटभर मीठ घालून दळला जातो,
आणि पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत.
दोघांनी एकच शब्द ठेवला
तरी मीठ निराळं, म्हणून ओळ निराळी.

एकदा घाईत आज्ञेत एक सी जास्त पडला,
भरल्या फाइलवर कोरी फाइल बसली.
एकतीस माणसं दाराबाहेर.
बॅकअप नव्हता, तो माझाच गाढवपणा.
मग एकेक जण जिना उतरून आला,
माझ्या खुर्चीत बसला, मी तोंड पाइपांकडे केलं.
शेवाळवाला एव्हाल्ड सगळ्यांच्या शेवटी,
दोन बोटांनी, इतका वेळ
की वाटलं, पत्रच लिहितोय.
"झालं," म्हणाला, "आता हे तरी सांभाळ, विर्वे."

काल वरून चिठ्ठी आली:
एव्हाल्ड गेले. नोंद काढावी.
बरोबरच आहे,
मेलेल्याच्या नावानं कुणी आत शिरू नये.
कर्सर त्याच्या ओळीवर नेला
आणि खोडायचं सोडून
सुरुवातीला नुसतं # ठोकलं.
सर्व्हर आता ती ओळ वाचत नाही.
मी वाचते.
मीठ दिसतं त्यात, शब्द नाही.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हे तर मी खाल्लेलंही नाही.

बॅकअप घेतला. मग आणखी एक.