शून्य म्हणजे घर

केसपेपरवर एवढंच : हाताला जखम. टाके चार.
खाली तिडके सरांची सही, पळत सुटलेली.

कुठला हात, सर?
कुठलं बोट? नख आहे की गेलं?
फोनवर हसतात ते : मॅडम, बोट ते बोट.
नाही सर. नख शाबूत, तर एस एकसष्ट पॉइंट शून्य.
नख दुखावलं, तर पॉइंट एक.
डावं-उजवं तर कोडात नाहीच,
म्हणून कागदावर तरी असू द्या.
पुढे कोणी विचारलं तर
हात दाखवायला माणूस समोर असेलच असं नाही.

फेब्रुवारीत दिंडोरीकडून कात्रीचे हात येतात,
द्राक्षं काढताना कापलेले, नीटस, बारीक.
सातपूरचे मात्र बारा महिने.

जिना उतरते. ड्रेसिंगच्या खोलीत
हिरामण गांगुर्डे, वय चोवीस,
हात उंच धरून बसलाय,
वर्गात उत्तर येत असल्यासारखा.
उजवी तर्जनी. नख नाही.
टाक्यांच्या कडेला काळे कण,
दोनदा धुऊनही न निघालेले.

कसं लागलं?
उत्तर शेजारचा देतो, इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन :
घरी. विळीवर. कांदा चिरताना.
हिरामण मान हलवतो, हळू,
मानेलाही टाके असल्यासारखी.

विळी मला माहीत आहे.
माझ्या अंगठ्यावर तिची पांढरी रेघ आहे.
विळी कापते, चेचत नाही.

पण मला पाहिलेलं लिहिता येत नाही,
डॉक्टरांनी लिहिलेलंच वाचायचं.
नियम बरोबरच आहे.
नाहीतर मी माझ्या संशयालाही नंबर दिला असता,
आणि दयेलाही.

शेवटचा आकडा ठिकाणाचा असतो.
शून्य म्हणजे घर.
सहा म्हणजे कारखाना.
शून्य स्वतःतच मिटतं.
सहाचं तोंड उघडं राहतं.

पिवळ्या चिठ्ठीवर लिहिते :
सर, कण कसले?
रुग्ण एकटा असताना विचारून नोंद व्हावी.
टाचणी. फाइल परत वर.

त्र्यंबक रोडवर कंपनीच्या बस लागतात,
दुसरी पाळी आत जाते. माझा चहा थंड.
इस्त्रीचा शर्ट बिलाच्या खिडकीवर, कोणीतरी बोलावलं म्हणून.
वर दार लागल्याचा आवाज.

फाइल येते. या वेळी अक्षर लागतं :
उजवी तर्जनी, नख समूळ गेलेलं.
जखमेत लोखंडाचा कीस.
यंत्रात सापडून. कुठल्या, कुठे, सांगत नाही.
'सांगत नाही'खाली सरांनी रेघ मारलीय,
पेन कागदात रुतेल इतकी.

सांगत नाही, याचाही आकडा आहे.
नऊ.

नऊ टाकते.
सहा नाही मिळाला.
पण घराच्या माथी तरी नाही मारलं.