अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

'लेफ्ट आउट इन द कोल्ड' म्हणजे गं?
पोरीनं वहीतून मान वर न करता विचारलं.
मी बेदाण्यातल्या काड्या वेचत होते.

म्हटलं, तिकडं थंडी फार,
नकोसा माणूस थंडीत ठेवत असतील.
आपल्या सावळजात, मार्चात, कोण कुडकुडणार?
आपण वाळीत टाकतो.

वाळत? द्राक्षांसारखं?

एका वेलांटीचा फरक, बाई.
मालनआत्याला कुणी रॅकवर पसरलं नव्हतं.
भावकीचं आवतण फक्त
तिच्या दारावरून पुढं जायचं.
नऊ वर्षं.

मग आत्या गोड झाली?

छे. शेवटपर्यंत तिखट.
शेडच्या पत्र्याखाली बसून शिव्या द्यायची,
एकेकाचं नाव घेऊन.
माझंही.

पोरीनं अर्थ लिहिला.
वाक्याची ओळ
कोरी ठेवलीय दोघींनी.