आठ-वीस

हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं. माझ्याकडे लिहून ठेवलंय,
शाळेच्या भटारखान्यातून आणलेल्या वहीत,
जिच्या पहिल्या पानांवर अजून
उकडलेल्या मक्याचा हिशोब आहे.

केंटकीच्या डोंगरात, खाण बंद पडल्यावर
कंपनीने सपाट करून सोडलेल्या माळावर
मैलाच्या आठव्या हिश्शाएवढी डांबरी पट्टी.
शनिवारी तिथे गाड्या पळवतो आम्ही,
दोन-दोन, नाकासमोर.
वळण नाही, चढ नाही.
शिंक आवरेपर्यंत संपतं सगळं,
आणि त्यासाठी सोमवारपासून
डब्यात उरलेला पाव.

माझी गाडी एकोणऐंशीची स्टेशन वॅगन.
मागच्या सीटवर कुणाकुणाची पोरं
प्रवासभर भांडली असतील,
ती सीट मी काढून विकली. चाळीस डॉलर, जमा.
इंजिन भंगारातल्या पिकअपचं. अडीचशे,
शिवाय होबर्टमामाचे सहा रविवार.
(रविवार तो वहीत लिहू देत नाही.)
मुद्दामच मवाळ ठेवलंय ते,
पंपावरचं साधं पेट्रोल पचेल इतपत.
टायर ब्रँटली कॉम्सचे उतरलेले:
त्याचं मन भरलं की माझी सुरुवात.
ट्रेलर नाही. घरून चालवत आणते,
चालवत परत नेते,
म्हणून काही मोडायची मला सोय नाही.

इथला नियम मात्र माझ्यासारखीला बरा.
आपली वेळ आपणच काचेवर लिहायची,
पांढऱ्या बूट-पॉलिशने, ठळक.
हळू गाडी आधी सुटते, जलद मागून येते,
आणि बघायचं एवढंच
की कोण आपल्या शब्दाला जागतं.
शब्दाच्या आधी पोचलात तर बाद.
ब्रँटलीच्या इंजिनाच्या किमतीत
आमच्या गल्लीत घर येतं. येऊ दे.
तीनशे ताटांत बटाट्याचा तोच एक डाव
रोज वाढणाऱ्या बाईला
सारखेपणा कुणी शिकवू नये.

आठ-वीस. दुपारी आठ-वीस.
पाच वाजता आठ-एकवीस, मग पुन्हा आठ-वीस.
तीन जण गेले घरी.
उरलो चौघे, आणि माझ्यासमोर ब्रँटली.

त्याच्याकडे हवा मोजायची पेटी आहे, चारशे डॉलरची.
माझ्याकडे ओसरीवरचा थर्मामीटर,
कोंबड्याचं चित्र असलेला, आरशाला टांगलेला.
सूर्य कड्यामागे गेला.
मामा खिडकीत वाकला, म्हणाला,
"कॉर्लीन, हवा उतरतेय. गार हवेत ही घोडी उधळते.
पूस ते. आठ-सतरा लिही."

मी डबी उघडली.
तळाला नखाएवढं पॉलिश.
नवी डबी तीन डॉलर.
आणि आकडा तर किती छान वाळला होता.

"चालेल," म्हणाले मी.

पिवळा, पिवळा, पिवळा, हिरवा.
असं सुटणं वर्षात एकदा जमतं.
वॅगन जमिनीला चिकटून धावली,
ब्रँटलीचा आवाज मागून येत राहिला, येत राहिला,
आणि मागेच राहिला.

आठ-अठरा.

पुढे पोचले, म्हणून हरले.
चारशेची पेटी वाचवली ते ठीक,
पण तीन डॉलरच्या पॉलिशने
सहाशेचं बक्षीस पुसलं.
आयुष्यात फुकट मिळालेली एकच गोष्ट,
ती संध्याकाळची हवा,
तीच महागात पडली.

मामा काही बोलला नाही.
बर्फाच्या पेटीतलं वितळलेलं पाणी
त्याने रेडिएटरसाठी बाटलीत भरून घेतलं.

अंतिम फेरी जिंकून ब्रँटली आला,
हातात हेल्मेट, घामाने केस चिकटलेले.
"टायर बदलतोय पुढच्या महिन्यात. ठेवू तुझ्यासाठी?"
"केवढ्याला?"
"नेहमीचेच."
"वीस कमी कर. मला ओढताना घासलेत ते."
तो हसला. दहावर तुटलं.

घरी जाताना दुकान लागतं, अकरापर्यंत उघडं.
वही मांडीवर घेऊन थोडा वेळ बसले गाडीत.
मग खर्चाच्या बाजूला लिहिलं:
पॉलिश, दोन डब्या.