हातचे

पहाटे महाबळेश्वरला पारा पाचवर.
काचेवरचं गोठलेलं दव
जुन्या एटीएम कार्डानं खरवडते मी.
रात्री स्क्रीनवर दोनशे बारा होते,
आता एकशे एकोणसाठ.
गाडी तर जागची हललेली नाही.

दस्तगीर सर मागं बसतात,
कानटोपीवर मफलर, मफलरवर शाल.
"किती खाल्ले थंडीनं?"
"त्रेपन्न."
"म्हणजे शेकडा पंचवीस. बरोबर?"
बरोबरच असणार.
सातवीत यांच्याच हातचा मार खाऊन
शेकडेवारी शिकले मी.

उतारावर पाय सोडला की गाडी थोडं थोडं भरून घेते,
पण पहिल्या काही वळणांवर नाही.
गारठलेल्या बॅटरीला
दिलेलंही घेता येत नाही.
सरांची मुलगी किडनी देत होती तेव्हा
तेही असेच गप्प बसले होते.

साताऱ्यात चार तास ते मशीनला, मी चार्जरला.
यावर मी कधी काही बोलले नाही.
तेच एकदा म्हणाले,
"तुझी वायर जाड आहे, पोरी."

आज मात्र दवाखान्यातलं मशीन रुसलं,
चार्जरची लाईट गेली,
निघायलाच रात्रीचे नऊ.
मेढा मागं पडलं. केळघर आलं.
घर वीस किलोमीटर, स्क्रीनवर सव्वीस,
आणि समोर अख्खा घाट, काळाकुट्ट.

"हीटर बंद कर."
दात वाजत होते सरांचे, हिशेब चुकत नव्हता.
"चढाला दीडपट धर. विसाचे तीस.
चार कमी."

पार्टे मामी टपरीचं फळकूट लावत होत्या.
त्यांनी सरांकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं,
आत जाऊन कोल्ड्रिंकच्या फ्रीजचा प्लग उपसला.
"ह्या दिवसांत कोण पितंय थंड? लावा."

आता ओंडका धुमसतोय.
तासाला आठ-नऊ किलोमीटर,
एवढ्या सावकाश भरतेय गाडी.
एक कुत्रं बॉनेटखाली ऊब शोधून गेलं,
त्याला काही सापडली नाही.
सरांच्या हातात चहा, अर्धाच कप,
पाणी मोजून प्यायचं असतं त्यांना.

"किती झाले?"
"तीस. पुरे की. निघायचं?"

सर विस्तवावर तळवे धरतात,
उलटे करतात, पुन्हा सुलटे.
"थांब," म्हणतात,
"हातचे दोन असू देत."