माग नसल्याचा दाखला

घरपट्टीच्या चलनावर अजून आमचा माग चालतोय.
वडगाव, खालची गल्ली, तीनशे बारा बाय ब,
कन्नडमध्ये लिहिलंय 'मग्ग', संख्या एक,
आणि त्यापुढं धंद्याचा दर.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि
भंगारवाल्यानं तो वजनावर नेला.
काट्यावर दोनदा घातला, कारण
पहिल्यांदा मी तिकडं बघत नव्हतो.
धोटा तेवढा ठेवून घेतला.
पोरं बादलीत त्याची होडी करतात.

कॉर्पोरेशनच्या तिसऱ्या खिडकीत
कपाळावर चष्मा चढवलेला माणूस म्हणाला,
माग असल्याचा कागद आमच्याकडं आहे,
नसल्याचा तुम्ही आणा.
कुठनं आणू?
'नाळी बर्री,' म्हणाला.
उद्या गेलो, तर दुसरा शनिवार.
असं करता करता एप्रिल सरला,
पाच टक्के सूटही गेली.

'कशाला भांडूलास?' बायको म्हणाली,
'अठराशे चाळीस रुपयांसाठी
अडीच हजाराच्या चपला झिजवूलास.'
चपला अडीचशेच्या होत्या. पण मुद्दा तिचा बरोबर होता.

अर्ज कन्नडमध्ये पाहिजे.
मला कन्नड बोलता येतं, भांडताही येतं,
लिहायला बसलं की टोक सापडत नाही.
म्हणून शेजारी नीलव्वाकडं गेलो.
तिनं माग थांबवला, परकराला हात पुसले,
कागद फळीवर ठेवून
एकेक रकाना वाचत गेली, मराठीत सांगत गेली,
मी सांगेन ते तिच्या ताठ अक्षरात उतरवत गेली.
नाव. बापाचं नाव. छप्पर कौलाचं की स्लॅबचं.
(कौलाचं लिहा, म्हणालो, आणि उगीच लाज वाटली.
पाहुण्यांना आम्ही पुढची स्लॅबच दाखवतो.)

नवव्या रकान्यात ती थांबली.
तशाच बांधणीचं, कमी दर लागलेलं
शेजारचं घर असल्यास
त्याचा नंबर.

तशाच बांधणीचं, म्हणजे तिचं.
एकाच गवंड्याचं काम, मधली भिंत एक.
तिच्या चलनावर मात्र 'वासद मने', राहतं घर.
आणि तिचा माग, आत्ता थांबलेला,
खाली तेलाचा डाग ओला,
पट्टा अजून किंचित हलत होता.

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.
पेनाचं टोपण लावलं, काढलं.
'काय लिहू?' म्हणाली.
'रेघ मारा,' म्हणालो.
तिनं रेघ मारली, पट्टीनं, सरळ,
आणि मग चहा टाकला, नको म्हणत असतानाही.

पंचवीस दिवसांनी मोजणीदार आला.
टेप, वही, पानाचा तोबरा.
आतल्या खोलीत फरशीवर
बोल्टांची चार भोकं, सिमेंटनं बुजवलेली.
त्यानं एकेक भोक बुटाच्या टोकानं दाबून पाहिलं,
दवाखान्यात दुखतं का विचारतात तसं.
तेवढ्यात भिंतीपलीकडनं धाड धाड सुरू झालं.
तो कान देऊन उभा राहिला.
मी म्हणालो, रेडिओ.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, पिंक टाकायला बाहेर गेला,
परत आला आणि सही केली.

नवं चलन काल आलं.
'मग्ग' वर तांबड्या शाईची रेघ.
बाबांचा माग आहे असं म्हणणारं
सरकारदरबारी एवढं एकच पान उरलं होतं,
ते मी चार खेपा घालून,
शेजारणीच्या हातनं अर्ज लिहवून
खोडून घेतलं.

अठराशे चाळीस वाचले.
मात्र आडनाव कामकरचं कामरकर झालंय.
त्यासाठी वेगळा अर्ज लागतो.
नीलव्वा म्हणाली, रात्रपाळी संपू दे, लिहिते.